उत्क्रांतीला मोजपट्टी लावणारे हाल्डेन

सटाण्याच्या बाजार समितीत उन्हाळ कांद्याची आवक सुरू झाली की व्यापाऱ्याची नजर आधी आकारावर जाते. मोठा माल एका भावाने, मध्यम दुसऱ्या, गोल्टी तिसऱ्या. कसमादे पट्ट्यातले कितीतरी शेतकरी कांद्याचे बी घरीच धरतात. चाळीत चांगला टिकलेला, गोल, बारीक मानेचा, एकसारख्या रंगाचा कांदा निवडायचा, तो दिवाळीच्या आसपास पुन्हा जमिनीत लावायचा, त्याला डोंगळे येऊ द्यायचे आणि उन्हाळ्यात बी झटकून घ्यायचे. वर्षानुवर्षे अशी निवड होत गेली की कांदा बदलतो, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. पण किती वेगाने बदलतो? आणि हा वेग घोड्याच्या दाताच्या किंवा देवमाशाच्या शरीराच्या बदलाशी ताडून पाहता येईल का?

असा प्रश्न आकड्यांत विचारता येतो, हे १९४९ साली एका इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवले. पुढे तो भारताचा नागरिक झाला आणि भुवनेश्वरमध्ये वारला. जे. बी. एस. हाल्डेन हे त्याचे नाव.

जॉन बर्डन सँडरसन हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्डमध्ये झाला. वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे श्वसनशास्त्रातले मोठे नाव. खाणीतल्या विषारी वायूंचा अभ्यास ते स्वतः खाणीत उतरून करत, आणि कधी मुलालाही बरोबर नेत. एकदा त्यांनी पोराला एका खाणीत उभे राहून शेक्सपियरच्या नाटकातले भाषण म्हणायला लावले. काही ओळी झाल्या आणि मुलाचे पाय लटपटले, तो खाली कोसळला. जमिनीलगतच्या हवेत त्याला पुन्हा नीट श्वास घेता आला. मिथेन हवेपेक्षा हलका असतो आणि छताकडे साचतो, हा धडा असा शिकवला गेला. आजचा कोणताही बालहक्क आयोग या शिकवणीवर आक्षेप घेईल, पण हाल्डेन यांनी तीच पद्धत पुढे जन्मभर स्वतःवर वापरली.

आनुवंशिकतेची गोडीही घरातच लागली. धाकटी बहीण नेओमी हिने गिनीपिग पाळले होते. त्यांचे रंग पिढ्यान्‌पिढ्या कसे उतरतात हे भावाबहिणींनी टिपायला सुरुवात केली. त्यातून उंदरांवरचे प्रयोग निघाले आणि १९१५ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तोवर पहिले महायुद्ध सुरू झाले होते. निबंधाचा तिसरा लेखक आघाडीवर मारला गेला होता आणि हाल्डेन स्वतः फ्रान्समध्ये खंदकात होते. ते दोनदा जखमी झाले. दुसऱ्यांदा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. बरे होण्यासाठी त्यांना भारतात पाठवण्यात आले. देश त्यांना आवडला, पण गोऱ्या साहेबाच्या तोऱ्यात इथे वावरणे मानवले नाही. भारतीयांशी बरोबरीच्या नात्याने राहता येईल तेव्हाच परत यायचे, असे त्यांनी ठरवले. त्याला चाळीस वर्षे लागली.

शास्त्राची कोणतीही रीतसर पदवी त्यांच्याजवळ नव्हती. ऑक्सफर्डला त्यांनी गणित आणि नंतर ग्रीक-लॅटिन अभिजात साहित्य शिकले होते. तरी केंब्रिजमध्ये ते जीवरसायनशास्त्र शिकवू लागले, आणि तिथेच १९२४ सालापासून त्यांनी निसर्गनिवडीच्या गणितावर निबंधांची मालिका लिहिली. डार्विन यांनी निवड होते असे सांगितले होते, पण किती जोराने होते, हे मोजले नव्हते. हाल्डेन यांनी मँचेस्टरच्या पतंगाचे उदाहरण घेतले. हा पतंग मुळात पांढरट, त्यावर काळे शिंतोडे. १८४८ साली तिथे पहिला काळा पतंग नोंदला गेला. कापडगिरण्यांच्या धुराने झाडे काळवंडली आणि शतक संपेतो जवळजवळ सगळे पतंग काळे झाले. पतंगाच्या वर्षाला एक पिढी, म्हणजे साधारण पन्नास पिढ्या. एवढ्या पिढ्यांत एवढा बदल व्हायचा तर काळ्या पतंगामागे पांढऱ्याच्या दीडपट पिल्ले जगली पाहिजेत, असे त्यांच्या हिशेबातून निघाले. निवड इतकी तीव्र असेल यावर तेव्हा फारसे कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हते. तीस वर्षांनी रानात प्रत्यक्ष प्रयोग झाले तेव्हा पक्षी कुठले पतंग आधी टिपतात ते दिसले, आणि हाल्डेन यांचा आकडा अवाजवी नव्हता हे कळले.

वेग हा त्यांच्या कामाचा जणू पाया होता. १९३५ साली त्यांनी हिमोफिलियाच्या रुग्णांच्या नोंदींवरून माणसाच्या जनुकात नवे बदल किती वेळा घडतात याचा अंदाज काढला: साधारण ५० हजार जन्मांत एक. मानवी जनुकासाठी असा अंदाज प्रथमच निघत होता. १९५७ साली त्यांनी आणखी एक हिशेब मांडला. निवडीची किंमत मृत्यूंच्या रूपात मोजावी लागते, त्यामुळे एका जनुकाची जागा दुसऱ्याने पूर्णपणे घ्यायला सरासरी ३०० पिढ्या लागत असाव्यात. या आकड्यावर पुढे बरीच भांडणे झाली, पण उत्क्रांतीच्या वेगालाही काही मर्यादा असते हा विचार त्यातून रुजला.

मधल्या काळात, १९४९ साली, तो मोजपट्टीचा निबंध आला. अडचण साधी होती. उंदराची शेपटी एक सेंटिमीटरने वाढली तर तो मोठा बदल, हत्तीच्या सोंडेला तेवढ्याने फरक पडत नाही. म्हणून सेंटिमीटर मोजून उपयोग नाही, बदल किती पट झाला ते मोजले पाहिजे. त्यासाठी हाल्डेन यांनी लॉगॅरिथम वापरले आणि एकक ठरवले: दहा लाख वर्षांत एखादे माप सुमारे २.७ पट झाले तर तो वेग एक डार्विन. सोप्या भाषेत, हजार वर्षांत हजारातला एक भाग बदल. अमेरिकेतले जीवाश्मतज्ज्ञ जॉर्ज गेलॉर्ड सिम्प्सन यांनी घोड्यांच्या पूर्वजांच्या दातांची मापे जमवली होती. ती या पट्टीवर ठेवली तेव्हा वेग निघाला अवघा ०.०४ डार्विन. झाडपाला चावणाऱ्या चिमुकल्या प्राण्यापासून गवत दळणाऱ्या उंच दातांच्या घोड्यापर्यंतचा तो प्रसिद्ध प्रवास इतक्या मंद गतीने झाला होता.

आता हीच पट्टी सटाण्याच्या कांद्याला लावून पाहू. समजा, एका घरात निवड करत करत पंचवीस वर्षांत कांद्याचे सरासरी वजन ८० ग्रॅमवरून १०० ग्रॅमवर गेले. वाढ सव्वापट. हिशेब केला तर वेग येतो सुमारे ९ हजार डार्विन, म्हणजे घोड्याच्या दाताच्या सव्वादोन लाख पट. हा आकडा पाहून कोणालाही वाटेल की शेतकऱ्याच्या हातात निसर्गापेक्षा अचाट ताकद आहे. पण जरा पुढे मोजा. दर पंचवीस वर्षांना सव्वापट या वेगाने कांदा हजार वर्षे वाढत राहिला, तर एकेक कांदा सहा क्विंटलचा होईल. एका ट्रॅक्टरमध्ये मोजकेच मावतील. अर्थात असे होणार नाही. काही पिढ्यांनी वाढ मंदावते, मोठा कांदा चाळीत लवकर सडतो, पाणी कमी पडले की आकार पुन्हा उतरतो.

नेमकी हीच खोच १९८३ साली फिलिप गिंगरिच यांनी दाखवली. त्यांनी जीवाश्मांतले, बेटांवर नव्याने पोचलेल्या प्राण्यांतले आणि प्रयोगशाळेतल्या निवडीचे मिळून पाचशेहून अधिक वेग एकत्र मांडले. नजर जितक्या कमी काळावर, तितका वेग जास्त. काळ लांबला की वेग घसरतो. कांद्याच्या भावाचेच उदाहरण घ्या. आठवड्यात भाव दुप्पट होतो आणि पुढच्या आठवड्यात पडतो. रोजची उलथापालथ मोजली तर डोळे फिरतील, पण दहा वर्षांच्या दोन टोकांचीच तुलना केली तर फरक किरकोळ निघू शकतो. सजीवांच्या अंगावरही असेच चढउतार होत असतात. जीवाश्मांत फक्त दोन टोके दिसतात, मधली धावपळ पुसली जाते. म्हणून घोड्याचा ०.०४ आणि कांद्याचे ९ हजार हे आकडे शेजारी ठेवून शर्यत लावणे चूक आहे.

मग तुलना करायची कशी? नुसता वेग काढून भागत नाही, बदल कोणत्या चालीने झाला असेल याची कल्पना मांडावी लागते. पहिली चाल दावे तुटलेल्या वासरासारखी: कधी डावीकडे, कधी उजवीकडे, ठरावीक दिशा नाही, पण जितका वेळ जाईल तितके ते मूळ गोठ्यापासून दूर सापडण्याची शक्यता वाढते. दुसरी चाल खुंट्याला बांधलेल्या गाईसारखी: ती फिरते, पण दावे तिला परत ओढते. एखाद्या राहणीला एक विशिष्ट आकारच सोयीचा असेल तर त्या वंशातले प्राणी असे खुंट्याभोवती फिरत राहतात. तिसरी चाल पहिल्या पावसाच्या पुरासारखी: नवे बेट किंवा नवे अन्न सापडले की सुरुवातीला झपाट्याने बदल, मग सगळे संथ. आणि चौथी शक्यता भाऊबंदकीची. एकाच मूळ पुरुषाच्या दोन शाखा असतात. एक गावातच राहते, दुसरी मुंबई-सुरत गाठून दोन पिढ्यांत ओळखू येईनाशी होते. तसे वंशवृक्षाच्या एका फांदीवर वेग वेगळा आणि दुसरीवर वेगळा असू शकतो.

आता अभ्यासक जनुकांवरून वंशवृक्ष उभा करतात, त्याच्या टोकांना आजच्या प्राण्यांची मापे लावतात आणि यातली कोणती चाल त्या मापांशी सर्वांत नीट जुळते ते संगणकावर पाहतात. यात एक सापळा आहे. फांदीगणिक वेगळा वेग मानला की जुळणी नेहमीच चांगली दिसते, जसे उसने पैसे घेऊन कोणाचाही हिशेब जुळवता येतो. म्हणून जादा गृहीतकांसाठी दंड आकारायची रीत आहे. जपानी संख्याशास्त्रज्ञ हिरोत्सुगु आकाइके यांनी १९७०च्या दशकात ती बसवली. या कसोटीतून काही जुन्या समजुती डळमळल्या. नव्या वंशात आधी मोठा उद्रेक आणि मग शांतता हे चित्र पाठ्यपुस्तकांत फार लाडके होते. २०१० साली प्राण्यांच्या ४९ गटांवर तिन्ही चाली ताडून पाहिल्या गेल्या, तेव्हा सुरुवातीच्या उद्रेकाचा पुरावा क्वचितच सापडला.

दोन मॉडेल समोरासमोर ठेवून बरे कुठले ते पाहण्याच्या या रीतीत हाल्डेन यांचे नाव एका मराठी माणसाच्या नावाशेजारी कायमचे बसले आहे. गुणसूत्रावर दोन जनुके किती अंतरावर आहेत हे संततीतल्या गुणांच्या फेरजुळणीवरून काढण्याचे सूत्र हाल्डेन यांनी १९१९ साली दिले. त्यांनी असे धरले होते की गुणसूत्रावर एका ठिकाणी अदलाबदल झाली तरी शेजारी पुन्हा होण्यावर त्याचा परिणाम होत नाही. प्रत्यक्षात परिणाम होतो. तो धरून सुधारलेले सूत्र १९४४ साली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातल्या गणिताच्या प्राध्यापकाने प्रसिद्ध केले. ते म्हणजे गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी. मराठी वाचक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो, पण पिकांच्या जनुकांचा नकाशा काढणारा संशोधक संगणकापुढे बसला की त्याला आजही विचारले जाते: हाल्डेनचे सूत्र की कोसंबीचे?

हाल्डेन यांच्या आयुष्यात सगळेच असे स्वच्छ नव्हते. ते उंचेपुरे, जाड मिशांचे आणि अत्यंत तापट. कम्युनिस्ट पक्षाच्या दैनिकात त्यांनी कामगारांसाठी विज्ञानाचे सदर चालवले, तीनशेहून अधिक लेख लिहिले, आणि ते लेख अजून वाचावेसे वाटतात. पण सोव्हिएत रशियात लायसेन्कोने आनुवंशिकीच मोडीत काढली, तिथल्या शास्त्रज्ञांना तुरुंगात टाकले गेले, तेव्हा हा जगातला आघाडीचा आनुवंशिकीतज्ज्ञ स्पष्ट निषेध करायला कचरला. पक्षापासून ते दूर झाले, पण उशिरा. पतंगाच्या पिढ्या अचूक मोजणाऱ्या माणसाचा हा हिशेब चुकला.

स्वतःच्या शरीराची मात्र त्यांनी कधी गय केली नाही. रक्त आम्लधर्मी झाल्यावर काय होते हे पाहायला त्यांनी अमोनियम क्लोराइडचे द्रावण प्यायले. १९३९ साली थेटिस ही ब्रिटिश पाणबुडी बुडून ९९ माणसे मेली, त्यानंतर पाणबुड्यांतून सुटका कशी करता येईल याच्या प्रयोगांसाठी ते वारंवार दाबाच्या बंद कोठीत बसले. अशाच एका प्रयोगात ऑक्सिजनच्या माऱ्याने झटके येऊन त्यांचे मणके दुखावले. पाठदुखी शेवटपर्यंत सुटली नाही.

१९४९ साल त्यांच्यासाठी मोठे फळले. डार्विन या एककाच्या वर्षीच त्यांचा आणखी एक विचार छापून आला. भूमध्य समुद्राच्या काठी थॅलॅसेमिया इतका का आढळतो? जनुकाची एकच प्रत असलेल्यांना मलेरियापासून संरक्षण मिळत असावे, आणि म्हणून दोन प्रती असलेल्या मुलांचे प्राण घेणारे जनुकही टिकून राहत असावे, असे त्यांनी सुचवले. पाच वर्षांनी अँथनी अॅलिसन यांनी आफ्रिकेत सिकलसेलच्या बाबतीत नेमके हेच दाखवले.

हा विषय सटाण्याला लांबचा नाही. उत्तर महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आढळतो आणि सटाण्याहून साल्हेर-मुल्हेरकडे जाणारा रस्ता त्याच डोंगरपट्ट्यात शिरतो. मलेरिया आटोक्यात आल्यावर या जनुकाचा फायदा संपतो. मग ते आपोआप नाहीसे होईल का? हाल्डेन यांच्या धाटणीच्या गणिताने उत्तर काढता येते. समजा एखाद्या वस्तीत या जनुकाचे प्रमाण शंभरात दहा आहे. तर शंभरात साधारण १८ जण वाहक असतील, त्यांना बहुधा काही त्रास नसेल, आणि शंभरातल्या एका मुलाला आजार होईल. आजारी व्यक्तींपैकी एकालाही मूल झाले नाही, असे क्रूर गृहीत धरले तरी हे प्रमाण निम्म्यावर यायला दहा पिढ्या लागतात, म्हणजे अडीचशे वर्षे. पुन्हा निम्मे व्हायला आणखी वीस पिढ्या, पाचशे वर्षे. कारण बहुतेक जनुके वाहकांच्या रक्तात सुखरूप लपलेली असतात. रक्ताची साधी सोल्युबिलिटी चाचणी, संशय आल्यास इलेक्ट्रोफोरेसिस, लग्नाआधी किंवा गरोदरपणात मिळणारा सल्ला, रुग्णाला नियमित हायड्रॉक्सियुरिया आणि भरपूर पाणी: आरोग्य केंद्रातल्या या गोष्टींचा परिणाम याच पिढीत दिसतो.

१९५७ साली हाल्डेन पत्नी हेलन स्परवे यांच्यासह कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. सुएझ कालव्यावरच्या ब्रिटिश हल्ल्याचा निषेध हे कारण त्यांनी जाहीर केले. उबदार हवा आणि पायमोज्यांपासून सुटका हेही आनंदाने सांगत. ते कुडता घालू लागले, मांसाहार सोडला, १९६१ साली भारताचे नागरिक झाले. संस्थेत खटके उडाले तसे ते बाहेर पडले आणि १९६२ साली भुवनेश्वरला ओडिशा सरकारच्या मदतीने स्वतःची छोटी प्रयोगशाळा उभारली. भारतात जीवशास्त्र करायला महागडी यंत्रे लागत नाहीत, डोळे आणि वही पुरते, हे त्यांनी तरुणांच्या मनावर बिंबवले. एकाने घाणेरीच्या कोणत्या रंगाच्या फुलांवर कोणते फुलपाखरू बसते ते मोजले. दुसऱ्याने नारळाच्या झावळ्या डाव्या वळणाने फिरतात की उजव्या, हे हजारो झाडांवर पाहिले. सुरेश जयकर या तरुण सहकाऱ्याबरोबर हाल्डेन यांनी १९६३ साली एक सुंदर निबंध लिहिला: निवडीची दिशाच वर्षागणिक बदलत असेल, एका वर्षी एक रूप फायद्याचे आणि पुढच्या वर्षी दुसरे, तर दोन्ही रूपे टिकून राहू शकतात. पावसाच्या भरवशावर असलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला हे ऐकून नवल वाटणार नाही.

त्याच वर्षी अमेरिकेच्या दौऱ्यात त्यांना गुदद्वारातून रक्त गेले. लंडनमध्ये आतड्याच्या शेवटच्या भागाचा कर्करोग निघाला आणि शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयाच्या खाटेवरून त्यांनी या आजारावर एक विनोदी कविता लिहून साप्ताहिकात छापली. तिचा सांगावा असा होता की रक्त दिसताच लाजून घरी बसू नका, डॉक्टर गाठा. मूळव्याध समजून महिनोन्‌महिने काढे घेत बसणाऱ्यांना तो आजही लागू आहे. पोटावर पिशवी लावून ते भुवनेश्वरला परतले, कामाला लागले. पण रोग उलटला. १ डिसेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. देह त्यांनी आधीच अभ्यासासाठी देऊ केला होता. तो काकिनाड्याच्या रंगराय वैद्यकीय महाविद्यालयात गेला.

१९९३ साली गिंगरिच यांनी वेगाचे दुसरे एकक सुचवले. डार्विन वर्षांत मोजते, पण उत्क्रांती चालते पिढ्यांवर. म्हणून बदल त्या समूहातल्या नैसर्गिक फरकाच्या तुलनेत आणि दर पिढीला मोजायचा. या एककाचे नाव हाल्डेन. कांद्याची एक पिढी दोन वर्षांची, एका हंगामात कांदा आणि पुढच्या हंगामात बी. पंचवीस वर्षांत अशा बारा पिढ्या होतात. त्या घरच्या कांद्यांच्या वजनात एरवी साधारण १६ ग्रॅमचा पसारा असेल, तर २० ग्रॅमची वाढ म्हणजे पिढीला सुमारे ०.१ हाल्डेन.